तिसऱ्या ओळीतला आवाज

तुम्ही चोर आहात. शब्द मऊ करून सांगण्यात काही अर्थ नाही. तुम्ही म्हणजे कोण, ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. काचेच्या दाराआड बसून, कोणता आवाज जगाला ऐकू जायचा आणि कोणता नाही ते ठरवणारे तुम्ही. तुम्ही एका बाईचं तोंड पडद्यावर ठेवलंत, कपाळावरचा घाम ठेवलात, गळ्याची ताणलेली शीरसुद्धा ठेवलीत. आवाज तेवढा काढून घेतलात आणि त्या जागी दुसरीचा बसवलात. घरफोड्याला निदान कुलूप तरी तोडावं लागतं. तुम्ही असा हात मारलात, की घरातल्या माणसांनी उठून टाळ्या वाजवल्या.

सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या त्या तिच्या नवऱ्याने. ही त्याचीच गोष्ट आहे. ऐका. ऐकण्याचाच तर पगार घेता.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. जुन्या उंच इमारतीतली लिफ्ट मध्येच अडकली, की लोक त्याला फोन करत आणि तो हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून निघे. हाताला ग्रीस कायमचं. लहानपणी मुलगी म्हणायची, बाबांचा हात धरला की निसटतो. बायको कोरसमध्ये गायची, एका मोठ्या गायकाच्या मागे, चार बायकांच्या रांगेत दुसरी. त्या गायकाला तुम्ही रोज ऐकता, केस कापायच्या दुकानात, बसमध्ये, शेजाऱ्यांच्या भिंतीतून. तिला मात्र कोणी वेगळं ऐकलेलं नव्हतं, आणि तेच तिचं कसब होतं. कोरसमधला एक आवाज वर डोकावला, की कोरस बिघडला. ती मध्ये उभी राहिली की बाकीच्या तिघींचे आवाज एकमेकींना धरून राहायचे, म्हणून वादक मंडळी तिला ‘डिंक’ म्हणत. डिंकताई आल्या का, मग करा सुरू, असं चालायचं.

घर दोन खोल्यांचं. भिंती अशा, की शेजारचा शिंकला तर इकडून त्याला रुमाल द्यावासा वाटे. वरच्या मजल्यावर रात्रपाळी करणारा माणूस दिवसा झोपायचा. मग रियाज करायचा कुठे? तर ती कपड्यांचं कपाट उघडायची, टांगलेल्या शर्टांमध्ये आणि कोटांमध्ये डोकं खुपसायची आणि तिथे गळा मोकळा सोडायची. लग्नानंतर नवऱ्याने हे पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्याला वाटलं, बायको माहेरच्या आठवणीने रडतेय. घाबरून तो पाणी घेऊन धावला. पुढे सवय झाली. तो बुटांच्या नाड्या बांधत बसे आणि कपाटातून गाणं येई. जाड कपड्यांतून गाळून आलेलं, बुटकं, मऊ. त्याच्या शर्टांनी तिचा आवाज पूर्ण ऐकला होता. त्याच्या वाट्याला शर्टांतून उरलेला आला होता. त्यालाच तो बायकोचा आवाज समजत होता. त्याचं काही चुकलं असं म्हणणाऱ्याने आधी त्या दोन खोल्यांत राहून दाखवावं.

त्या कार्यक्रमात, ज्याचं तुम्ही चित्रीकरण केलंत, गायकाचा गळा दिवसभर बसलेला होता. एक संथ गाणं होतं, शेवटची गाडी निघून गेल्यावर थांब्यावर एकट्या उरलेल्या माणसाचं. त्याच्या पहिल्या चार ओळी एरवी तो स्वतः गायचा. पडदा उघडायच्या आधी तो मागे वळून म्हणाला, डिंकताई, आज सुरुवात तुम्ही करा. एवढंच. इतक्या वर्षांत तिच्या एकटीच्या वाट्याला आलेल्या त्या पहिल्या चार ओळी.

नवऱ्याकडे पास होता. पण दुपारीच एका इमारतीत लिफ्ट अडकली, आत एक गरोदर बाई आणि तिची सासू. तो गेला, आणि काम लांबत गेलं. घरी आला तेव्हा ती आरशासमोर बसून केसांतल्या पिना काढत होती. त्याने विचारलं, कसं झालं? ती म्हणाली, “बरं झालं.” आणि मग आरशातच हसली. ते हसू त्याने आधी कधी पाहिलं नव्हतं. त्याने ठरवलं, चित्रीकरण झालंय ना, मग घरी बसून ऐकू, निवांत.

त्यानंतर थोड्याच दिवसांत गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली. जीव राहिला. आवाज गेला. उरली ती कुजबुज, कागद चुरगळल्यासारखी. डॉक्टर बाईंनी जे करायचं ते केलं, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. ती स्वतःही रडली-भेकली नाही. फक्त कपाट उघडलं की पटकन हवा तो कपडा काढून पटकन मिटायला लागली. फोनवर कुजबुज ऐकू जात नसे, म्हणून ती नखाने फोनवर टकटक करायची. एक टक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, आणि सलग टकटक म्हणजे लवकर या. नवरा लिफ्टच्या छपरावर उभा राहून ती टकटक ऐके आणि मोठ्याने उत्तर देई. खाली उभ्या लोकांना वाटे, मेकॅनिकच्या डोक्यावर परिणाम झालाय.

घरात तिच्या बोलण्याचे निरोप फोनमध्ये साठवलेले होते. येताना दूध आणा, छत्री विसरलात, वगैरे. गाण्याचं मात्र काहीच नव्हतं. रोज घरात असलेल्या गोष्टीचा फोटो काढून ठेवायचं कोणाला सुचत नाही. त्यामुळे सगळ्यांचे डोळे तुमच्या त्या फिल्मकडे लागले होते. ती कधी येणार म्हणून मुलगी, जी औषधांच्या दुकानात कामाला होती, येता-जाता फोनवर बघायची. नवरा तिला विचारायचा, आली का? जसं काही कोणी पाहुणं यायचंय.

शेवटी एकदाची आली.

रविवारी संध्याकाळी टीव्हीसमोर गाद्या टाकल्या. नवऱ्याने कुठून तरी दोन मोठे स्पीकर मागून आणले आणि खिडकीत ठेवले. मुलीने ते उचलून टीव्हीशेजारी ठेवले. बाबा, आपल्याला ऐकायचंय, रस्त्याला नाही, असं म्हणाली. तिची मावशी, म्हणजे बायकोची धाकटी बहीण, खारे शेंगदाणे आणि उशी घेऊन आली. उशी स्वतःची, कारण या घरातल्या उशा म्हणजे विटा, असं तिचं जुनं मत.

पहिला पाऊण तास घरात नुसता गोंधळ. गायक धुरातून वर आला, कागदी तुकडे उडाले, लाख माणसं एका सुरात ओरडली. पण या घराला त्याचं काय? चौघांची नजर गायकाच्या खांद्यामागे. कोरस दिसायचा तो तुकड्यातुकड्यांनी. अर्धं कोपर, एक हलतं डूल, एक माइक. ती पडद्याकडे बोट करून कुजबुजायची, “ते कोपर माझं.” मग सगळे त्या कोपराचं कौतुक करायचे. ढोलवाल्याला तिसऱ्यांदा जवळून दाखवला, तेव्हा मावशी वैतागली. “एवढं काय त्या ढोलवाल्याला दाखवताय? त्याचं लग्न जमवायचंय का?” डिंकताई खांदे हलवत हसली. हसण्याला आता आवाज नव्हता, पण तिचा हात नवऱ्याच्या मनगटावर होता आणि तो हलला, म्हणून नवऱ्याला कळलं.

मग दिवे मंदावले. एकच उजेड मागच्या रांगेवर सरकत आला आणि तिच्यावर थांबला.

तिचा चेहरा सबंध टीव्हीभर. मुलीने तोंडावर हात घेतला. पडद्यावरच्या बाईने डोळे मिटले, ओठ उघडले, आणि आवाज आला. गोल, तुळतुळीत, कुठे ओरखडा नाही. काचेच्या पेल्यात दूध ओतावं तसा. चार ओळी. नवऱ्याच्या गालांवरून पाणी ओघळलं ते त्याने पुसलंही नाही. मनगटावरचा हात सैल झाला आणि बाजूला झाला, ते त्याला जाणवलं. त्याला वाटलं, हिलाही भरून आलंय.

गाणं संपल्यावर तो उठून उभा राहिला आणि टाळ्या वाजवायला लागला. घरात, गादीवर, एकटा. मुलगी त्याला येऊन मिळाली. मावशी हुंदके देत म्हणाली, “ताई, असला गळा होता तुझा? आणि आम्हाला नुसतं कपाट ऐकवलंस?”

डिंकताईने तिघांकडे पाहिलं. एकेकाकडे, सावकाश. मग हसली, आणि चहा टाकते, असं हाताने सांगून आत गेली. नवरा मागून म्हणाला, अगं, सगळी फिल्म राहिलीय अजून. ती आली नाही. चहा यायला बराच वेळ लागला.

पुढच्या दिवशी मुलीने त्या चार ओळी कापून वडिलांच्या फोनला घंटी म्हणून लावून दिल्या. आता बघा कसा उद्योग झाला. फोन वाजला की गडी उचलेचना. लिफ्टची उभी विहीर, खाली काळोख, वर पोलादी दोर, आणि तो छपरावर पाना हातात धरून उभा. खिशातून बायको गायला लागली, की तो आवाज विहिरीतून वर चढत जाई, सातव्या-आठव्या मजल्यापर्यंत. चार ओळी पूर्ण झाल्याशिवाय हिरवं बटण दाबायचं म्हणजे त्याला कोणाचं बोलणं मध्येच तोडल्यासारखं वाटे. तोवर समोरचा फोन ठेवून देई. एका इमारतीत एक वकील दोन मजल्यांच्या मध्ये अडकला होता. त्याने चार वेळा फोन केला आणि चारही वेळा याने गाणं ऐकलं. बाहेर आल्यावर वकिलाने जे काही ऐकवलं त्यात कायदा कमी आणि शिव्या जास्त होत्या. कंपनीच्या साहेबांनी वेगळं झाडलं. हा मान खाली घालून उभा, आणि साहेबांच्या समोरच खिशातून पुन्हा गाणं सुरू झालं. साहेबसुद्धा थांबले. कोण गातंय, विचारलं. मिसेस, असं हा म्हणाला, आणि त्याची छाती दोन बोटं वर आली.

घरी तो रोज सांगायचा, आज अमक्याने ऐकलं, तमका काय म्हणाला. ती ऐकून घ्यायची. भाजी निवडता निवडता मान हलवायची. तिचं काही दुखतंय का, असं त्याने एकदा विचारलं. तिने डोकं हलवलं, नाही.

मग तो मंगळवार आला. ती बाजारातून आली आणि दारात लक्षात आलं, किल्ली आतच राहिलीय. मुलगी दुकानात. हाताच्या पिशव्या खाली ठेवून तिने नवऱ्याला फोन लावला. तो विहिरीत होता. खिशात गाणं लागलं. त्याने फोन काढून पाहिला, बायकोचा नंबर ज्या नावाने ठेवला होता ती ‘घर’ अशी अक्षरं दिसली, आणि त्याला वाटलं, कधी येताय तेच विचारत असेल. ऐकू या आधी. गाणं संपलं, फोन बंद झाला. ती परत लावायची, तो परत ऐकायचा. हात ग्रीसने माखलेले, हे एक निमित्त होतंच.

संध्याकाळी तो शीळ घालत जिना चढून आला, तर बायको पायरीवर बसलेली. शेजारणीने दिलेल्या उशीवर. पिशवीतली पालेभाजी मान टाकून पडलेली. त्याने जीभ चावली. मग तिला खुलवायला म्हणाला, “रागावू नकोस गं. तुझाच आवाज ऐकत होतो.”

ती उठली. त्याच्या हातून किल्ली घेतली, दार उघडलं, पण आत गेली नाही. उंबऱ्यात उभं राहून तिने जे सांगितलं, ते कुजबुजीत असूनही जिनाभर ऐकू गेल्यासारखं त्याला वाटलं.

“तो माझा नाही.”

त्याला कळलंच नाही. तो हसला. तोंड तुझंच आहे की, असं म्हणाला.

“तोंड माझं. आवाज दुसरीचा. नंतर घातलाय.” ती थांबली, श्वास घेतला. आता तिला चार शब्दांनाही श्वास लागायचा. “आणि मी इथे बाहेर उभी. तुम्ही तिला ऐकत बसलात.”

तो तिथेच पायरीवर बसला. तीही शेजारी बसली. दार मागे सताड उघडं. मग थोडं थोडं करून सगळं निघालं. पहिला सूर आला तेव्हाच तिला कळलं होतं. पोरगी चांगली गायलीय, तरुण गळा आहे, त्या पोरीवर राग नाही, बोलावलं असेल म्हणून आली असेल. पण त्या गाण्यात शेवटची गाडी गेलेली असते, आणि या पोरीची गाडी अजून यायचीय, ते ऐकू येतं. ती स्वतः गायली तेव्हा गाठ गळ्यात होतीच. तिसऱ्या ओळीत आवाज फाटला. ऐन मध्यावर. तिला वाटलं, संपलं. पण ती थांबली नाही. फाटला तसाच पुढे नेला.

“आणि लोक गप्प झाले,” ती म्हणाली. “एवढी माणसं. एकदम गप्प. तसं मी कधीच गायले नव्हते.”

त्याने विचारलं, “मग त्याच दिवशी का नाही बोललीस?”

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या कानामागे ग्रीस लागलं होतं, ते पदराने पुसलं. “तुम्ही इतके छान रडत होतात,” ती म्हणाली. “कसं बोलायचं?”

आता त्या माणसाला काय वाटलं असेल ते सांगत बसत नाही. तुमच्या काळजात जागा असेल तर तुम्हीच बघा. ज्या बाईबरोबर अर्धं आयुष्य काढलं, तिचा आवाज म्हणून तो परक्या आवाजावर रडला होता, गावभर मिरवला होता, आणि ती रोज भाजी निवडत ते सोसत होती. कशासाठी? तर त्याच्या तोंडावरचा आनंद जाऊ नये म्हणून. त्याने फोन काढला, घंटी पुसली आणि कारखान्यातून येते ती साधी ट्रिंग ट्रिंग लावली. मग म्हणाला, चल, उद्या जाऊ. विचारू.

दोघं तुमच्याकडे आली. तुम्हाला आठवत नसेल. तिने निळी साडी नेसली होती, त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. काचेचं दार, गार हवा, टेबलावर खोटी फुलं. खाली बसवून ठेवलं. मग गळ्यात हेडफोन अडकवलेला एक तरुण आला. मुलगा बरा होता. खोटं बोलला नाही. म्हणाला, सगळेच करतात, काका. लाइव्ह म्हणून दाखवतात त्यातलं बरंचसं नंतर स्वच्छ केलेलं असतं. वरून सांगणं होतं, एक जागा खराब आहे, बदलून घ्या.

डिंकताईने विचारलं, “पुसलात?”

त्याला ऐकू आलं नाही. नवऱ्याने तेच मोठ्याने विचारलं.

नाही, तो म्हणाला. पुसत नाही आम्ही. प्रत्येक माइकचं वेगळं जपून ठेवलेलं असतं, तुमचंही आहे. मग तो खाली बघून म्हणाला, “मी ऐकलंय ते, काकू. मी सांगितलं होतं त्यांना, राहू द्या म्हणून.” पण द्यायचा अधिकार त्याला नव्हता. वर विचारा, म्हणाला. वर विचारलं. वरच्यांनी आणखी वर बोट दाखवलं. लेखी द्या म्हणालात, लेखी दिलं. हक्क, करार, धोरण, असे तीन शब्द फोनवर ऐकवलेत आणि नंतर फोन उचलणं सोडलंत. गायकापर्यंत निरोप पोचू दिला नाहीत. तो बिचारा अजून समजत असेल, डिंकताई फिल्ममध्ये आहेत.

काल दुपारी, घरात दोघंच असताना, तिने आपणहून ती फिल्म लावली. नवरा नको नको म्हणत होता. तिने आवाज पूर्ण बंद केला आणि त्याला शेजारी बसवलं. दिवे मंदावले, उजेड सरकत आला, तिचा चेहरा टीव्हीभर झाला. आणि इकडे गादीवर बसलेली ती पडद्यावरच्या स्वतःबरोबर ओठ हलवायला लागली. नवरा पडद्याकडे बघेना, तिच्याकडे बघायला लागला. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. तिसऱ्या ओळीत तिच्या कपाळाला आठी पडली, ओठ क्षणभर अडले, हनुवटी थरथरली. मग तिने मान वर केली आणि ती पुढे गेली. त्याने तिचा हात घट्ट धरला. ग्रीसचा हात, पण निसटू दिला नाही.

“इथे?” त्याने विचारलं.

“इथे,” ती म्हणाली.

ती जागा त्याने आता पाहिली आहे. ऐकलेली नाही. लाखभर अनोळखी माणसांनी ऐकली, तुमच्या त्या हेडफोनवाल्या पोराने ऐकली, तुम्ही ऐकलीत आणि नाक मुरडलंत. फक्त तिच्या नवऱ्याने ऐकलेली नाही. खराब म्हणून जी तुम्हाला नको झाली, ती चार ओळींची गोष्ट तुमच्याकडे कुठल्याशा कपाटात पडून आहे, आणि तुमच्या काडीच्या कामाची नाही.

तर आता धोरण सांगू नका, वर बोट दाखवू नका. एका वाक्यात उत्तर द्या. त्या बाईचा आवाज तुम्ही तिच्या घरी कोणत्या दिवशी आणून देताय?